मास्तरांचा डोंगर

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात मुली तिला तोंडावर 'बाई' म्हणायच्या आणि पाठीमागे 'कडकबाई'. हे दुसरं नाव तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. चादरीला कड हवी तशी शब्दालाही हवी, असं तिचं साधं मत होतं. ओल्या कपड्यांच्या गाड्या गडगडत आत यायच्या, वाफ छताला चिकटायची, इस्त्रीच्या यंत्राच्या गरम रुळांतून चादर बाहेर पडली की दोघी जणी समोरासमोर उभ्या राहून घडी घालायच्या. घडी वाकडी गेली तर कडकबाई ओरडायची नाही. चादर झटकून पुन्हा त्यांच्या हातात द्यायची. त्यापेक्षा ओरडलेली परवडली, असं मुली म्हणायच्या.

नवरा तिच्या अगदी उलट. शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्त झाला तरी गल्लीला आणि घराला तो 'मास्तर'च राहिला. गोडबोल्या, कुणाला 'नाही' न म्हणणारा, भांडणाचा नुसता वास आला तरी चपला शोधणारा. भाजीवाल्याने सडका कांदा दिला तर तो परत करायला कडकबाईच जायची. मास्तर कोपऱ्यावर उभे राहून आकाश बघायचे.

अशा या माणसाने आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, सगळ्यांसमोर ठाम भूमिका घेतली होती.

तेव्हा सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या. त्या अंथरुणाला खिळल्यापासून कडकबाईने त्यांचं सगळं केलं होतं. कूस बदलायची, अंग पुसायचं, कामावर दिवसभर चादरी आणि घरी आल्यावर पुन्हा चादरी. शेवटी श्वास लागायला लागला तसं डॉक्टरांनीच सांगितलं, हॉस्पिटलात आणा. तिथे त्या गेल्या. आणि घर माणसांनी भरलेलं असताना मास्तरांची धाकटी बहीण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चादरी धुवायचा कंटाळा आला म्हणून हिने माझ्या आईला घराबाहेर काढलं."

तेवढ्यात मास्तर उठले. "चालती हो," ते बहिणीला म्हणाले. "आजपासून मला बहीण नाही."

कडकबाईने हे मागितलं नव्हतं. मागायचं सुचलंही नसतं. पण त्या एका वाक्यावर तिने पुढचा सगळा संसार उभा केला. मास्तर बिल भरायला विसरले, पाहुण्यांसमोर तिची थट्टा केली, घराचं छत गळत असताना पन्हळीचं चित्र काढत बसले, तरी ती मनाशी म्हणायची, असू दे. वेळ आली तेव्हा हा माणूस माझ्या बाजूने उभा राहिला होता.

निवृत्तीनंतर मास्तर घरात बसून कंटाळले. रविवारी कडकबाईची ड्यूटी असायची, लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला. एक दिवस मास्तर म्हणाले, "ते डोंगरावरचं राखीव रान आहे ना, तिथे सोनकाडी उपटायला माणसं हवी आहेत. दर रविवारी पाण्याच्या टाकीपासून बस निघते. पैसे नाहीत, पण हवा तर फुकट मिळेल."

सोनकाडी म्हणजे पिवळ्याधमक फुलांचं झुडूप. कुणीतरी कधीतरी बागेच्या कुंपणासाठी बाहेरून आणलं, आणि ते कुंपण ओलांडून डोंगर चढलं. दिसायला देखणं, पण जिथे बसेल तिथे दुसऱ्या कशाला जगू देत नाही. डोंगरावरचं बारीक गवत, झऱ्याकाठची फुलं, सगळं खाली दडपून टाकतं.

"जा की," कडकबाई म्हणाली. "गुडघे जपा मात्र."

पहिल्या रविवारी ते मरगळून परत आले. दुसऱ्या रविवारी मात्र उजळलेल्या चेहऱ्याने. आणि मग दर रविवारी. पँटचे गुडघे मातीने माखलेले, बुटांना चिखल, पिशवीत सोनकाडीची एखादी फांदी. कामावरून दमून आलेली कडकबाई पाय कोमट पाण्यात सोडून बसायची आणि मास्तर डोंगरावरच्या गोष्टी सांगायचे.

काय सांगायचे! त्यांच्यात एक शीळवाली होती. काम करताना शीळ घालायची, विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसत सुटायची, म्हणून तिचा एकही विनोद कुणाला धड कळलेला नाही. एक बोकडदाढी होता, जो हातात कुदळ घेऊन यायचा आणि झाडाखाली घोरत पडायचा. कडकबाई पोट धरून हसायची. शीळवाली तर तिला मैत्रीणच वाटायला लागली. धुलाईखान्यात घडी घालता घालता ती मुलींना सांगायची, "आमच्या शीळवालीने परवा काय केलं माहीत आहे का?"

"थंडीत शीळवालीचे कान फार दुखतात वाऱ्याने," मास्तर एकदा म्हणाले. कडकबाईने लगेच लोकर आणली आणि टोपी विणली. राखाडी, काठाला लाल पट्टी, कानांवर ओढून घेता येईल अशी खोल. "सांगा तिला, न बघितलेल्या मैत्रिणीकडून."

मास्तरांनी टोपी हातात घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "फार आवडेल तिला," ते म्हणाले.

अशी दोन वर्षं गेली. धुलाईखान्यात नवं यंत्र बसवायचं म्हणून एका रविवारी काम बंद राहिलं. नेमका त्याच रविवारी मास्तरांना ताप. ते गोळी घेऊन झोपले होते. कडकबाईला वाटलं, आपण रिकाम्या, आणि तिकडे एक हात कमी पडणार. जाऊ या त्यांच्या जागी. शीळवालीही भेटेल. तिने डबा भरला, शेजारणीला मास्तरांकडे बघायला सांगितलं, आणि पहाटेच टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

बस एक तरुण बाई चालवत होती. पाठीवर लांब वेणी, आवाज भोंग्यासारखा. "या काकू, या, हात हवेतच!" एवढं म्हणून ती कुदळी मोजायला लागली. कडकबाई खिडकीशी बसून एकेक चेहरा न्याहाळत राहिली. शीळवाली कुठली असेल? ती जाड चष्म्यावाली? की मागच्या बाकावरची? कुणीच शीळ घालत नव्हतं. ती मनाशी म्हणाली, चढावर घालत असेल.

बस रानाच्या फाटकाशी थांबली. तिथून तासभर पायवाट. वर पोचल्यावर कडकबाईने पहिल्यांदा तो उतार बघितला आणि ती थांबलीच. अर्धा उतार पिवळाजर्द, आणि अर्धा मोकळा. मोकळ्या भागात गवत वाऱ्याने लवत होतं, बोटाच्या पेराएवढी निळी फुलं डोकं वर काढत होती. वेणीवालीने तिला काम दाखवलं. फांदी धरून ओढायची नाही, तुटते. बुंध्याशी माती सैल करायची, पहार तिरकी घालायची, आणि मग दोन्ही हातांनी सरळ वर. शेंगा असलेल्या फांद्या पोत्यात, कारण उन्हात त्या फुटतात आणि बी लांबवर उडतं.

पहिलं झुडूप निघालं तेव्हा कडकबाईला लहान पोरीसारखा आनंद झाला. मग तिने विचारलं, "शीळवाली आज नाही का आली?"

"कोण?"

"शीळ घालते ती. राखाडी टोपी घालते बघा. आणि तो बोकडदाढीवाला, झोपतो तो."

वेणीवाली हसली. "इथे कुणी झोपलं तर मी लाथ घालीन, काकू. असं कुणी नाही आमच्यात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझे यजमान येतात ना दर रविवारी. मास्तर. चित्रकलेचे."

वेणीवालीने कपाळावर आठ्या घालून आठवून बघितलं. "हां... आले होते. दोन वर्षं झाली. अर्ध्या चढावरच दम लागला, तिथेच बसून राहिले. भले गृहस्थ. त्यानंतर काही दिसले नाहीत."

कडकबाई "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? बस संध्याकाळी परतणार होती आणि त्याआधी डोंगरावरून जायला दुसरा रस्ता नव्हता. तिने पहार उचलली. पुढचा सगळा दिवस तिने जे काम केलं ते बघून लोक चाट पडले. एक झुडूप, दुसरं झुडूप, मान वर नाही, पाणी नाही, डबा तसाच. हातमोजे फाटले तरी तिला कळलं नाही. डोक्यात एकच घण पडत होता. मग कुठे जातात? कोणाकडे? पण वयाची पासष्टी उलटलेला, चढावर धापा टाकणारा माणूस, त्याचं नाव असल्या गोष्टीशी जोडायचं म्हटलं तरी तिला हसू यायचं, आणि हसू आलं की डोळे भरून यायचे.

उतरल्यावर फाटकाशी वेणीवालीने सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या हातात ब्रश दिला. "बूट घासा! चिखलाचा कण राहता कामा नये. तळव्याला बी चिकटून गावात गेलं की झालं आपलं कल्याण. बूट स्वच्छ नसेल त्याला मी बसमध्ये घेत नाही, आजवर एकालाही घेतलेलं नाही."

कडकबाई बूट घासत होती. दर रविवारी दारात मास्तरांचे चिखलाने लडबडलेले बूट असायचे. तेच बूट ती सोमवारी पहाटे कामावर जायच्या आधी धूत आली होती.

घरी मास्तर उशीला टेकून बसले होते. "कुठे होतीस गं दिवसभर?"

"कामावर बोलावलं होतं," ती म्हणाली. लग्नानंतर ती नवऱ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि ते इतकं सहज जमलं की तिला भीती वाटली.

आठवडाभर तिने ताकास तूर लागू दिली नाही. पुढच्या रविवारी ड्यूटी बदलून घेतली. मास्तर पिशवी घेऊन निघाले, तशी ती अंतर ठेवून मागे निघाली. मास्तर पाण्याच्या टाकीकडे वळलेच नाहीत. त्यांनी शहराच्या पलीकडच्या टोकाला जाणारी बस घेतली. ती मागच्या दाराने चढली. शेवटच्या थांब्यावर उतरून ते एका गल्लीत शिरले आणि बैठ्या घराच्या फाटकातून आत गेले. बेल नाही, हाक नाही. स्वतःच्या घरात जावं तसे.

घराचं कुंपण सोनकाडीचं होतं. पिवळंधमक.

ती समोरच्या बंद दुकानाच्या आडोशाला उभी राहिली. आतून हसण्याचे आवाज येत होते. मग शीळ ऐकू आली, छान, लांबलचक, गाण्याच्या चालीवर. आणि अंगणात एक बाई आली, राखाडी टोपी, काठाला लाल पट्टी. नणंद. मागे पायरीवरच्या खुर्चीत नणंदेचा नवरा मान टाकून झोपला होता. पूर्वी गुळगुळीत असायचा, आता हनुवटीला बोकडासारखी दाढी. आणि पायरीवर, मास्तरांच्या शेजारी, कडकबाईची स्वतःची लेक, मांडीवर नात.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. दुसरी कुणी बाई असती तर एक वेळ ती तिच्याशी भांडली असती. हे तर सगळं घर होतं. तिच्याशिवाय भरलेलं, तिच्याशिवाय खुशीत असलेलं घर.

तिने फाटक ढकललं.

मास्तरांनी हातातला कप पायरीवर ठेवला. लेक उभी राहिली. पण नणंद? नणंदेचा चेहरा असा उजळला की कडकबाई जागच्या जागी थांबली.

"वहिनी!" नणंद धावतच पुढे आली. "आलीस शेवटी! दादा, तू आधी बोलला का नाहीस, वहिनी येणार आहे म्हणून?"

"टोपी बसली का नीट?" कडकबाईने विचारलं. "कानांवर येते?"

"येते म्हणजे काय! दादाने दिली तेव्हा किती रडले मी. म्हटलं, वहिनीने माझ्यासाठी विणली, एवढं बोलल्यानंतर..." नणंदेने टोपीला हात लावला. "त्याआधी मी निरोप पाठवला होता ना माफीचा, तेव्हाच मला वाटलं होतं तू येशील. दादा म्हणाला, तू सगळं ऐकून घेतलंस आणि पदराने डोळे पुसलेस. म्हणालीस, थोडा वेळ दे मला."

बोकडदाढीही जागा झाला होता.

"मला कुठलाही निरोप मिळालेला नाही," कडकबाई म्हणाली. "आणि ही टोपी मी शीळवालीसाठी विणली होती. डोंगरावर सोनकाडी उपटते तिच्यासाठी."

नणंदेला अर्थबोध व्हायला वेळ लागला. मग दोघी जणींनी एकदमच मास्तरांकडे बघितलं. त्यांनी एकीला शीळवाली रंगवून दिली होती आणि दुसरीला रडणारी वहिनी. दोन्ही चित्रं सुरेख उतरली होती. हुबेहूब.

"अगं, पण... दोघींनाही बरं वाटत होतं ना?" मास्तर पुटपुटले. "मला वाटलं, हळूहळू जमेल. तुला सांगितलं असतं तर तू मला उभं जाळलं असतंस. आणि हिला सोडून मी... एकच तर बहीण आहे."

"तुम्हाला बहीण नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. मी नव्हते म्हणाले."

"तेव्हा... तेव्हा काहीतरी म्हणावं लागलं."

बायकोचा केसाने गळा कापायचा तर तो असा. ज्या वाक्यावर तिने आयुष्य टेकवलं होतं, ते 'काहीतरी' होतं.

ती लेकीकडे वळली. "तुला माहीत होतं."

लेकीची मान खाली. "आई, बाबा म्हणाले, आत्ताच नको. आणि खरं सांगू, इथे फार मजा यायची गं. निघताना बाबा वाफ्यात गुडघे टेकायचे, बुटांना माती लावायचे. कुंपणाची फांदी तोडून पिशवीत घालायचे. आम्ही..." ती थांबली.

"तुम्ही काय?"

"आम्ही हसायचो."

कडकबाई फाटकाकडे निघाली. नणंद मागोमाग आली. तिने टोपी काढून हातात धरली होती, परत द्यावी की ठेवावी ते कळत नसल्यासारखी. "वहिनी, त्या दिवशी मी आईच्या वेळी जे बोलले, ते..."

"ते आज नको," कडकबाई म्हणाली. "एका दिवसात एवढंच पेलतं माणसाला. टोपी घाल, वारा आहे."

त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरात झोपायला सुरुवात केली. मास्तरांचं जेवण वेळेवर व्हायचं, कपडे धुऊन मिळायचे. पण बुटांना तिने पुन्हा हात लावला नाही. मास्तरांनी सतरा वेळा माफी मागितली, गोड शब्दांत, ओल्या डोळ्यांनी. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, हेही छान काढलंय. आणि असं वाटल्याची तिलाच लाज वाटायची.

नणंद पुढे एकदा धुलाईखान्याच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. वाफेत घामाघूम होत तिने माफी मागितली, स्वतःच्या तोंडाने. वाक्यं तुटक होती, मध्येच रडली, मध्येच आईच्या आजारपणात आपण का आलो नाही याची सबब सांगायला लागली आणि स्वतःच थांबली. कडकबाईला नवल वाटलं. नणंदेवरचा राग निघून जायला फार वेळ लागला नाही. तिने वैर तरी तोंडावर केलं होतं.

"एक सांगते," कडकबाई म्हणाली. "ते कुंपण काढून टाक. त्याचं बी डोंगरावर जातं."

"अगं वा! ह्यांनी हाताने लावलंय ते. मी नाही काढणार."

"मग मी येऊन काढीन."

"ये तर खरी!"

दोघी चांगली वीस मिनिटं भांडल्या. रुळांवरच्या मुली काम थांबवून ऐकत होत्या. निदान हे भांडण त्या दोघींचं होतं, मधला माणूस त्यात नव्हता.

रविवारची सुट्टी कडकबाईने कायमची मागून घेतली आणि डोंगरावर जाऊ लागली. लोकांचे खरे स्वभाव तिला तिथे एकेक करून कळले. जाड चष्म्यावाली चिडकी निघाली, मागच्या बाकावरची डबा वाटून खायची नाही. कुणीही मास्तरांच्या गोष्टीतल्यासारखं गमतीदार नव्हतं. पण संध्याकाळी मागे वळून बघितलं की मोकळा उतार सकाळपेक्षा जरासा रुंद दिसायचा, आणि त्याबद्दल कुणाला विचारायला लागायचं नाही. घरी मास्तर आशेने विचारायचे, "काय काय झालं आज?" ती म्हणायची, "काम झालं."

पुढच्या वर्षी, हवा निवल्यावर, एका रविवारी मास्तर टाकीपाशी येऊन उभे राहिले. डोक्याला रुमाल, हातात नवी कोरी कुदळ. "मी पण येऊ का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"बस माझी नाही," ती म्हणाली. "वेणीवालीला विचारा."

वेणीवालीने घेतलं. चढावर ते चार वेळा बसले. दोन झुडपं उपटायची म्हणून तोडली आणि बोलणी खाल्ली. पण पुढचा चढ धापा टाकत का होईना चढले, आणि उतरताना फाटकाशी बूट अगदी मन लावून घासले. कडकबाईने हे सगळं बघितलं. तिला दया आली, थोडीशी मायाही आली. पण एकदा मोडून सांधलेल्या खुर्चीवर माणूस सगळा भार टाकत नाही, तसं तिचं झालं होतं.

परतीच्या बसमध्ये मास्तरांना सूर सापडला. शाळेतल्या एका इन्स्पेक्टरची गोष्ट त्यांनी सुरू केली. तपासणीला आलेला साहेब नुकताच मोर रंगवलेल्या ओल्या बाकाला टेकून बसला आणि दिवसभर पाठीवर हिरवा मोर घेऊन शाळाभर फिरला. साहेबाची चाल, हेडमास्तरांची घालमेल, शिपायाचं गुदमरलेलं हसू, सगळं त्यांनी आवाज काढून दाखवलं. बस हसून हसून लोळायला लागली. चिडकीनेसुद्धा चष्मा काढून डोळे पुसले.

कडकबाई शेजारीच बसली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती.

वेणीवालीने आरशातून मागे बघितलं. "खरंच असं झालं होतं का हो, काकू?"

"मला काय माहीत?" कडकबाई म्हणाली आणि खिडकीची काच वर सरकवली. "त्यांनाच विचारा."